उरलेलं औषध

अप्पा उमदीकरांनी काउंटरच्या मोरीकडच्या टोकावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "इथं हात लावून बघ, नलू. बाकीचं लाकूड गुळगुळीत आणि एवढंच खरबरीत. कशानं?"

"पाण्यानं," मी म्हणाले.

"पेपरवाल्यांचं हेच. दिसलं ते लिहिलं. पाणी कशाचं ते विचारशील की नाही?"

मला ते ठाऊक होतं. शुक्रवार पेठेत वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण माणसाला त्याच्या तोंडून सांगू द्यावं, म्हणून मी वही पुढे ओढली.

सोलापुरात गड्ड्याची जत्रा नुकतीच संपली होती. 'उमदीकर केमिस्ट अँड ड्रगिस्ट' शिमग्यानंतर कायमचं बंद होणार होतं. अप्पांचा मुलगा पुण्याला नोकरीत रमलेला, इमारत विकून झालेली, त्या जागेवर लॉज व्हायचं होतं. मी एका स्थानिक दैनिकात होते आणि रविवारच्या पुरवणीसाठी मला इमारतीचा इतिहास हवा होता. ती अप्पांच्या वडिलांनी, विरूपाक्षप्पांनी, पहिल्या महायुद्धाच्या आधी बांधली. खाली घडीव दगड, वर माडी. दर्शनी काचेत तांबड्या, हिरव्या आणि निळ्या पाण्याच्या तीन मोठ्या बरण्या. मागे मिक्श्चर करायची खोली. माडीवरची खोली बाहेरगावहून आलेल्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी. एवढं माझं लिहून झालं होतं.

"इन्फ्लुएंझाच्या साथीतली गोष्ट," अप्पा सांगू लागले. "माणसं पटापट जायची. गेलेल्याची अर्धी बाटली शेजारी मागून न्यायचा. वाया कशाला घालवायची, म्हणून. एकाचं औषध दुसऱ्याच्या पोटात! वडिलांनी पेठेत दवंडी दिली, ज्याच्या घरी माणूस गेलं त्यानं उरलेलं औषध इथं आणून द्यायचं. साथ गेली, रीत राहिली."

पुढं तिला धर्मासारखं रूप आलं. गेलेल्याचं औषध घरात ठेवायचं नाही आणि आपल्या मोरीत ओतायचं नाही. घरातलं कुणीतरी यायचं, काउंटरच्या त्या टोकाला बाटली ठेवायचं. अप्पा हातातलं काम टाकून बूच काढायचे, औषध मोरीत ओतायचे, नळ सोडायचे. काचेवर चिकटवलेली डोसाची कातरलेली पट्टी नखानं खरवडून काढायचे आणि बाटली उपडी ठेवायचे. कोण गेलं, कधी गेलं, काही विचारायचं नाही. पाणी स्वच्छ वाहायला लागलं की आलेलं माणूस पायरी उतरून जायचं. संध्याकाळपर्यंत पेठेला कळलेलं असायचं. पेठेत म्हणायचेच, डॉक्टरनं सांगितलं तरी खरं नाही, उमदीकराच्या मोरीत गेलं की खरं.

"आमच्या बाबांचं औषधही तुम्हीच ओतलंत ना?" मी विचारलं. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते.

"हो," अप्पा म्हणाले आणि तराजू पुसायला लागले.

तेवढ्यात एक म्हातारा पायरी चढून आला. उंच, पण कमरेतून वाकलेला. हातात कापडी पिशवी. बाकावर बसून त्यानं आधी श्वास गोळा केला.

"अप्पा, ओळखलंत का?"

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आवाज ओळखीचा वाटतोय. माणूस ध्यानात येईना."

"माणूस राहिलाय कुठं ध्यानात यायला! रंगनाथ माळवदे. गिरणीत जॉबर होतो. तुमच्या हातचं खोकल्याचं औषध पिऊन पिऊन जीभ कडू झालेली माझी."

माळवदे माझं आडनाव. रंगनाथ माझ्या बापाचं नाव. आमच्या घरात त्याच्या फोटोला हार होता आणि फोटोतला माणूस तिशीच्या आतला होता. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. कान तेवढे तेच होते.

अप्पांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग रोग्याला पथ्य सांगावं तसं म्हणाले, "माळवदे, तुम्ही वारलात. चोवीस वर्षं झाली."

तो हसला. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेपर्यंत अप्पांनी पेल्यातून पाणी दिलं.

"कशानं वारलो?"

"क्षयानं. मिरजेकडं, सॅनेटोरियममध्ये."

"दहावं कुणी केलं?"

"तुमच्या मेव्हण्यानं. बार्शीच्या."

"कावळा शिवला?"

"नाही. दुपार झाली. मग दर्भाचा कावळा करून शिवून घेतला."

"बघा," तो म्हणाला, "कावळ्याला कळलं. माणसांना नाही."

मग त्यानं आईची चौकशी केली. अप्पांनी सांगितलं की सुभद्रा शिवणाचा क्लास चालवते, पेठेतल्या निम्म्या पोरी तिच्या हाताखालून गेल्यात. मुलगी शिकली, असंही सांगितलं. सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तिला सांगाल का, अप्पा?" तो म्हणाला. "हुबळीची गेली. तिच्या पोरांनी माझी पेटी दाराबाहेर ठेवली. डॉक्टर म्हणतो, फुप्फुसात आता ओढायला काही उरलं नाही. मला दुसरं काही नको. घरातला एक कोपरा. आपल्या माणसांत डोळे मिटावेत, एवढंच. तुमचा शब्द ती मोडायची नाही."

"हुबळीची कोण?"

त्यानं मान खाली घातली. "सॅनेटोरियमच्या स्वयंपाकघरात होती. मी बरा झालो तेव्हा तिच्याबरोबर गेलो. आता काय लपवू."

अप्पा माझ्याकडे वळले. "नलू, घरी जा आणि आईला घेऊन ये."

'नलू' ऐकल्यावर तो बाकावरून उठला. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग वहीकडे पाहून म्हणाला, "पेपरात असता का?"

"हो," मी म्हणाले.

आमचं पहिलं बोलणं एवढंच.

घरी ओसरीवर पोरी काजं करत बसल्या होत्या आणि आई मशीनवर होती. मी तिला आत बोलावलं. म्हणाले, "बाबा आलेत."

'कोण?' असं तिनं विचारलं नाही. "कुठं?" असं विचारलं.

"अप्पांच्या दुकानात," मी म्हणाले. "तुला ठाऊक होतं."

तिनं पदरात अडकलेली सुई काढून भिंतीवरच्या सुयांच्या गादीत टोचली. ओसरीवर जाऊन पोरींना सोडलं, एकीला काजाची गाठ उसवून पुन्हा घालायला सांगितलं, चपला घातल्या. बोळाच्या वळणापर्यंत ती भराभर पुढं गेली. मग चालता चालता, समोर बघत बोलली.

"गिरणीतला एकजण त्यांना भेटायला गेला होता, त्यानं निरोप आणला. बरे झाले म्हणाला, आणि निघूनही गेले, एका बाईबरोबर. तेव्हाच घरमालकानं खोली सोडायला सांगितली होती. नवरा दिसत नाही, म्हणाला. टाकलेल्या बाईला खोली मिळत नाही, नलू. तिच्याकडं कोण पोरी पाठवणार शिवण शिकायला? विधवेकडं पाठवतात."

"म्हणून तू सांगितलंस की ते गेले?"

"मी तोंडानं काहीच सांगितलं नाही. फडताळात त्यांची अर्धी बाटली होती. तुला कडेवर घेतलं, बाटली घेतली आणि गेले. अप्पांना विचारायचं होतं, आता मी काय करू, म्हणून. शहाणा माणूस, काहीतरी सांगतील. दुकानात गर्दी होती. बाटली हातात जड झाली, म्हणून ठेवली. ठेवल्यावर बघितलं कुठं ठेवली ते. उचलणार, तेवढ्यात अप्पांनी घेतली."

ती थांबली. भाजीची गाडी पुढं जाऊ दिली.

"ओ अप्पा, असं म्हणायला किती वेळ लागतो? म्हणाले नाही. बूच निघालं, नळ सुटला. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. पाणी स्वच्छ झालं तोवर मी विधवा झाले होते. संध्याकाळी बायका आल्या त्या रडतच आल्या. बार्शीहून भाऊ आला, त्यालाही स्टँडवरच कुणीतरी सांगितलेलं."

मग मला कळलं की आई उमदीकरांच्या दुकानात कधीच का जात नव्हती. साधी बामची बाटली हवी असली तरी मला पाठवायची, नाहीतर पार नवी पेठ गाठायची.

"देवमाणसाच्या हातून खोटं करून घेतलं मी," ती म्हणाली. "कुठल्या तोंडानं पायरी चढणार?"

आम्ही पोचलो तेव्हा अप्पांनी दुकानाच्या दोन फळ्या लावून घेतल्या होत्या. आई आत आली. बाकावरचा माणूस उठून उभा राहिला. आई त्याच्याजवळून पुढं गेली आणि काउंटरसमोर उभी राहिली.

"अप्पा, मी तुम्हाला फसवलं होतं."

"मला?" अप्पा म्हणाले. "खाली बस आधी."

"माणूस जिवंत होतं. मला ठाऊक होतं. तरी बाटली ओतू दिली."

"मलाही ठाऊक होतं, सुभद्रा."

आईनं वर पाहिलं.

"सॅनेटोरियमचा कंपाउंडर माल न्यायला माझ्याकडं यायचा. तू आलीस त्याच्या आदल्याच दिवशी बोलून गेला होता. तुमचा माळवदे बरा होऊन गेला म्हणाला, आणि एकटा नाही गेला."

"मग ओतलंत का?"

"तू ठेवलीस म्हणून." अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "त्या टोकाला बाटली ठेवणाऱ्याला विचारायचं नसतं. विचारलं असतं तर तुला बाकावरच्या चार माणसांदेखत खरं बोलावं लागलं असतं. मला वाटलं, ही विचार करून आलीय. वडिलांनी जिवंत माणसाचं औषध कधी ओतलं नव्हतं. मी एकदा ओतलं."

"मी विचार करून नव्हते आले, अप्पा," आई म्हणाली. "मी तुम्हाला विचारायला आले होते."

रस्त्यावरून टांगा गेला. अप्पा काउंटर धरून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. चोवीस वर्षं हा माणूस समजत होता की त्यानं एका बाईचा निर्णय झाकला. आणि निर्णय त्याच्याच हातांनी झाला होता.

आई बाकावर बसली, नवऱ्यापासून पार दुसऱ्या टोकाला. मग ती रडली. आवाज न करता, पदर तोंडाशी न नेता. रडणं संपल्यावर तिनं अप्पांना म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते मला आजही ठाऊक नाही. माझं बरंच झालं त्यानं. पोटाला मिळालं, पोर शिकली."

"सुभद्रा," बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. "चुकलं माझं."

"हो."

"घरी नेतेस का?"

"काय म्हणून नेऊ?" ती त्याच्याकडं वळली. त्या दुपारी तिनं त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं. "नवरा म्हणून नेलं तर चोवीस वर्षं मी खोटी. माझ्याकडं पोरी पाठवणाऱ्या आया संक्रांतीला मला वाण देत नाहीत, पण पोरीच्या लग्नाचा पहिला झंपर माझ्याच हातचा मागतात. त्यांच्या दारात कुंकू लावून कशी उभी राहू? आणि परका म्हणून नेलं, तर विधवेच्या घरात परका पुरुष. दोन्हीकडून मीच मरते."

"म्हणजे मी मेलेलाच."

"तुम्ही गेलात तेव्हा मी हाक मारत मागं आले नाही. आता मी नाही म्हणते, तर तुम्हीही ऐकून घ्या."

तो पुष्कळ वेळ पिशवीच्या बंदाला गाठ मारत आणि सोडत राहिला. "तुझंही खरं आहे," म्हणाला. "मी म्हटलं, विचारून बघावं."

तो उठला. कुठं जाणार, ते त्यालाही ठाऊक नसावं. अप्पा काउंटरमागून बाहेर आले आणि त्यांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"माडीवरची खोली रिकामी आहे. दुकान आहे तोवर राहा. कुणी विचारलं तर सांगेन, हुबळीचे स्नेही आहेत."

"आणि नाव?"

"नाव कोण विचारतंय. हुबळीवाले म्हटलं की पेठेचं भागतं."

आई पायरी उतरून गेली. मी मात्र मागं राहून अप्पांबरोबर माडीवर गादी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं माझ्या हातात डबा दिला. "अप्पांना दे. एकटे असतात, हातानं करून खातात." डब्यात दोन माणसांच्या भाकऱ्या होत्या. त्यानंतर रोज डबा गेला. खालचे दोन कप्पे अप्पांकडं राहायचे, वरचे दोन मी माडीवर न्यायची.

मी त्याला कशानंच हाक मारली नाही. तोही मला 'बाई' म्हणायचा, गिरणीतल्या माणसांची तशी सवय असते. बोलणं तुटक व्हायचं. एकदा घास घेऊन म्हणाला, "तुझ्या आईनं शेंगाचटणीत लसूण वाढवलाय."

"तुमच्या वेळी कमी असायचा?"

"माझ्या वेळी मी म्हणायचो, कमी घाल." तो बोटं चाटत म्हणाला, "तिला आवडायचा, वाटतं."

दुसऱ्या एका दिवशी त्यानं विचारलं, "मला आठवून रडायचीस का लहानपणी?"

"नाही. मला तुम्ही आठवतच नव्हतात."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि तोंड भिंतीकडं केलं.

आईबद्दल तो रोज एकच विचारायचा, बरी आहे ना. आई त्याच्याबद्दल काही विचारायची नाही. रिकामा डबा घासताना किती उरलंय ते बघायची. भाकरी परत यायला लागली, तशी तिनं भात मऊ करून पाठवला. भातही परत आला, तेव्हा नुसती पेज पाठवली. ती माडी एकदाही चढली नाही. मी एकदा म्हणाले, चल माझ्याबरोबर, अप्पांना भेटायला आलीस असं होईल. तर म्हणाली, "चढले तर उतरायचं कसं?"

माझा लेख पुरवणीत छापून आला. दगड, माडी, रंगीत पाण्याच्या बरण्या, विरूपाक्षप्पांची दवंडी. मोरीकडच्या टोकावर पुढं काय काय झालं ते त्यात नव्हतं. अप्पांनी तो माडीवर वाचून दाखवला. 'हुबळीवाले' म्हणाले, बाईनं झकास लिहिलंय, पण लाकडाबद्दल एक वाक्य कमी पडलं.

शिमग्याच्या आधी, एका सकाळी, अप्पांनी दुकानातल्या नोकराला माझ्या कचेरीत पाठवलं. मी पोचले तेव्हा सगळं संपलेलं होतं. झोपेतच, अप्पा म्हणाले. घरी जाऊन मी आईला सांगितलं. ती कापडावर खडूनं आखत होती. रेघ तिनं शेवटपर्यंत नेली.

"तुम्हीच करा काय ते," म्हणाली. "मी एकदा केलंय."

स्मशानात अप्पा, दुकानातला नोकर आणि मी. पेठेतलं कुणी नव्हतं. अप्पांच्या समाजात दहन नसतं; ते पुरतात. त्यामुळं ते थोडे बाजूला, हात जोडून उभे होते. सरण रचणाऱ्या माणसानं आमच्या तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"ह्यांचं कोण आहे?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग नजर काढून घेतली.

"कोणी नाही," मी म्हणाले. "मी देते अग्नी."

त्याच महिन्यात फळ्या शेवटच्या लागल्या. नंतर इमारत पाडली. लॉज झालं, आता तेही जुनाट दिसतं. अप्पा पुण्याला मुलाकडं गेले आणि वर्षभरात वारल्याचं कळलं. आईही आता नाही. म्हणून हे लिहिता येतंय.

पण मला आठवते ती त्या दिवशीची दुपार. स्मशानातून घरी आले, परसात डोक्यावरून पाणी घेतलं, केस पुसत स्वयंपाकघरात गेले. आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. स्टोव्ह मोठ्यानं फरफरत होता, वर पातेलं, त्यावर झाकण. मला भूक लागली होती आणि भूक लागल्याची लाज वाटत होती. मी झाकण उचललं. आत नुसतं पाणी उकळत होतं.

मरण झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे जेवण आणून देतात. आमच्याकडं कोण आणणार होतं?

"ठेव ते झाकण," आई हळूच म्हणाली. "स्टोव्ह वाजला नाही तर पलीकडची सरूबाई विचारायला येईल, का गं, आज स्वयंपाक नाही?"

मी झाकण ठेवलं आणि तिच्याशेजारी बसले. पाणी आटत आलं की ती उठायची, आणखी तांब्याभर घालायची, आणि परत येऊन बसायची.